सरकारी वकिलावरच खुनाचा आळ आला तर?

डोंबिवलीच्या एक लेखिका मालिकेची संहिता लिहीत आहेत. नायिका मुंबईत सरकारी वकील. तिचा भाऊ आणि वहिनी राहत्या घरात मृत सापडतात, पोलीस अपघात म्हणून कागद मिटवायला निघतात, नायिका स्वतः तपास हाती घेते आणि शेवटी खुनाचा आरोप तिच्यावरच येतो. त्यांचा प्रश्न असा : हे मुंबईत घडू शकतं का, आणि घडलं तर पहिल्या काही दिवसांत नेमकं काय होईल?

आरोप येऊ शकतो, अगदी सहज येऊ शकतो. पण सरकारी वकिलाने तपास हाती घेणं इथे कायद्यात बसतच नाही. आणि ती तो घेते, म्हणूनच तिच्यावर आळ येतो. बाई, तुमच्या गोष्टीचा कणा इथे आहे. मी १७ वर्षं दंडाधिकारी कोर्टांत एपीपी, म्हणजे सहायक सरकारी वकील होतो, नंतर नोकरी सोडून आरोपींच्या बाजूने उभा राहायला लागलो. दोन्ही टेबलांवर बसून झालंय, म्हणून जरा ठामपणे लिहितो.

हा घोळ परदेशी मालिकांमुळे होतो. कोरियात आणि जपानमध्ये सरकारी वकील संशयिताला समोर बसवून स्वतः जाबजबाब घेऊ शकतो. अमेरिकेत डिस्ट्रिक्ट अॅटर्नीच्या ऑफिसात त्याचे स्वतःचे तपासनीस असतात. आपल्याकडे तपास पोलिसांनी करायचा आणि खटला सरकारी वकिलाने चालवायचा, मध्ये मुद्दाम घातलेली भिंत. ती भिंत फार जुनीही नाही. महाराष्ट्रात दंडाधिकारी कोर्टातले सरकारी वकील पूर्वी पोलीस खात्याच्याच हाताखाली असायचे, त्यांना ‘पोलीस प्रॉसिक्युटर’च म्हणायचे. १९९५ साली शहाणे विरुद्ध महाराष्ट्र शासन या निकालात सुप्रीम कोर्टाने सरकारला सांगितलं, यांचं वेगळं केडर करा आणि पोलिसांच्या ताब्यातून काढा. त्याच्या आदल्याच वर्षी हितेंद्र विष्णू ठाकूर प्रकरणात त्याच कोर्टाने म्हटलं होतं की सरकारी वकील हा तपास यंत्रणेचा भाग नाही, तो स्वतंत्र आहे, पोलिसांनी दिलेला कागद पुढे सरकवणारं पोस्ट ऑफिसही नाही.

ही भिंत दोन्ही बाजूंनी चालते. सासरी मरण पावलेल्या एका मुलीच्या वडिलांच्या अर्जावर मद्रास हायकोर्टाने पोलिसांना सांगितलं होतं की कागद सरकारी वकिलापुढे ठेवा, त्याचं मत घ्या आणि सुधारित आरोपपत्र दाखल करा. सुप्रीम कोर्टाने २००० साली तो आदेश रद्द केला. आरोपपत्र कुणावर लावायचं हे तपास अधिकाऱ्याने स्वतःच्या डोक्याने ठरवायचं. मग ज्या बाईचा सख्खा भाऊ गेलाय, तिने तपासात बोट घातलं तर कोर्ट काय म्हणेल याचा अंदाज तुम्हीच करा.

‘पण तिने स्वस्थ बसायचं का?’ नाही. तिने त्या प्रकरणात कोट उतरवून ठेवायचा आणि मयताची बहीण म्हणून उभं राहायचं. बहिणीला कायद्याने बरंच काही करता येतं. पोलीस ऐकत नसतील तर वरिष्ठांकडे लेखी अर्ज, मग पोलिसांना तपासाचा आदेश द्या म्हणून दंडाधिकाऱ्याकडे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १७५(३) खाली अर्ज (जुनं १५६(३), आमच्या पिढीच्या तोंडून तेच निघतं), आणि अगदीच गरज पडली तर हायकोर्टात रिट. खटला उभा राहिला की कोर्टाच्या परवानगीने स्वतःचा वकील देऊन सरकारी वकिलाला मदतही करता येते. नौदल अधिकारी नानावटींच्या खटल्यात हेच झालं होतं. १९५९ साली प्रेम आहुजांचा खून झाला, सरकारतर्फे सी. एम. त्रिवेदी खटला चालवत होते, आणि मयताची बहीण मामी आहुजा हिच्यातर्फे राम जेठमलानी नावाचा तरुण वकील लक्ष ठेवून बसला होता. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष म्हटलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि तिथे शिक्षा झाली. बहिणीची जागा ती. साक्षीदाराच्या पिंजऱ्याजवळ आणि आपल्या वकिलाच्या कानाशी.

आता एक खरी हकिकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून ठाणं, कोर्ट आणि साल गाळतोय.

माझ्या एक सहकारी होत्या, माझ्यासारख्याच एपीपी. भाऊ पूर्व उपनगरात म्हाडाच्या जुन्या इमारतीत राहायचा, इमारत रीडेव्हलपमेंटला निघालेली. वहिनी बाळंतपणाला चिपळूणला माहेरी. रात्री भाऊ आंघोळीला गेला आणि बाहेर आलाच नाही. सकाळी फोन उचलेना म्हणून बाई स्वतःकडची चावी घेऊन गेल्या. बाथरूमचं दार ढकललं, गॅस गीझर चालूच होता, भाऊ खाली पडलेला. त्यांनी आधी गीझर बंद केला. मग खिडकीला कबुतरांसाठी ठोकलेली प्लायवुडची फळी बत्त्याने हाणून काढली, हवा यावी म्हणून. भावाला ओढत हॉलमध्ये आणलं, चादर घातली. आणि त्याचा मोबाइल उचलून पर्समध्ये टाकला.

यातलं प्रत्येक काम कुणीही माणूस करेल. मीही केलं असतं. पण एका एपीपीने केलं म्हटल्यावर त्याचा अर्थ बदलतो, तो कसा ते पाहा.

पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली, मरणोत्तर पंचनामा झाला, पोस्टमॉर्टेममध्ये मृत्यूचं कारण राखून ठेवलं, रक्त आणि व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे गेला. इथपर्यंत रोजचं काम. तिसऱ्या दिवशी वहिनीच्या भावाने चिपळूणहून बघितलं तर मेलेल्या माणसाच्या व्हॉट्सअॅपवर ‘लास्ट सीन’ आदल्या दिवशी सकाळी ११.४० ची. भाऊ जाऊन दोन दिवस झालेले! बाईंना त्याचा पिन माहीत होता. त्यांनी रात्रभर त्याचे मेसेज वाचले होते, कुणी त्रास देत होतं का, पैशाचं काही होतं का, हे शोधायला. त्यांच्या डोक्यात तो ‘तपास’ होता.

मग वहिनीच्या माहेरच्यांनी हिशोब मांडला. खोली वडिलांच्या नावावर. बाईंनी हक्कसोड पत्रावर सही केलेली नव्हती. नव्या इमारतीत फ्लॅट मिळणार. चावी यांच्याकडे, प्रेताला हात यांचा, फोन यांच्याकडे, आणि वर या सरकारी वकील, पुरावा कसा पुसायचा हे यांच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत? लेखी अर्ज आला, खुनाचा संशय म्हणून. त्या ठाण्याच्या तपास अधिकाऱ्याने बाईंना बोलावलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, ‘मॅडम, तुम्हीच सांगा, तुम्ही आमच्या जागी असता तर काय केलं असतं?’

बाई माझ्याकडे आल्या तेव्हा हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून जात नव्हता. मी विचारलं, फोन कुठे आहे? म्हणाल्या, पर्समध्ये. अजून!

त्याच दिवशी फोन लेखी पत्रासोबत ठाण्यात जमा केला, पोचपावती घेतली, दोन पंचांसमोर तो सील करून घेतला. आणि दुसऱ्या दिवशी सेशन्स कोर्टात अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाकला. गुन्हा दाखल झालेला नसतानाही तो टाकता येतो, अटकेची रास्त भीती पुरते. आम्हाला आदेश मिळाला की अटक करायचीच झाली तर ७२ तास आधी लेखी नोटीस द्यावी. बाईंना पहिल्यांदा झोप लागली ती त्या रात्री.

नंतर कागद वाचताना जे हाती आलं ते सांगायला मला आजही बरं वाटतं. पोस्टमॉर्टेमच्या नोंदीत डॉक्टरांनी प्रेताच्या पाठीवरच्या डागांचा रंग ‘चेरीसारखा लाल’ लिहून ठेवला होता. एरवी हे डाग जांभळट निळे असतात. बंद बाथरूममध्ये गॅस अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटून बसतो आणि ऑक्सिजनला जागाच ठेवत नाही. रक्तात त्याचं प्रमाण ५० टक्क्यांच्या वर गेलं की माणूस वाचणं कठीण. डॉक्टरांनी रंग लिहिला होता, पण प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत त्या दोन शब्दांकडे कुणी बघितलंच नव्हतं.

अहवाल आला आणि तो गॅसच निघाला. तरी माहेरच्यांचं म्हणणं होतंच : गॅस साठला कसा? खिडकी तर उघडी होती, पंचनाम्यात तसं लिहिलंय. उघडी होती, कारण फळी बाईंनीच काढली होती. आणि ती फळी सोसायटीच्या भंगारातून केव्हाच गेली होती. त्यांना सोडवू शकणारा सगळ्यात मोठा पुरावा त्यांनी स्वतःच्या हाताने, बत्त्याने, मोडला होता. चौकटीत खिळ्यांची भोकं राहिली होती, तेवढीच. शेवटी सापडला तो भावाने सुताराला पाठवण्यासाठी काढलेला खिडकीचा फोटो, फळी ठोकलेली. पण तो होता त्याच फोनमध्ये, जो तीन दिवस बाईंच्या पर्समध्ये होता! तो फोटो मागाहून घातलेला नाही, हे प्रयोगशाळेने फाइलची तारीख तपासून सांगेपर्यंत आणखी काही महिने गेले. अर्जाची चौकशी एकूण आठ महिने चालली. खुनाचा गुन्हा शेवटपर्यंत दाखल झाला नाही. बाई नंतर नोकरीत राहिल्या, पण मर्तिकाच्या केसेस त्यांनी पुन्हा हातात घेतल्या नाहीत.

तुमच्या नायिकेला याहून वाईट दिवस बघायचे आहेत, तेव्हा गुन्हा दाखल झाला असं धरू. मग तिच्यावर आधी कोणतं कलम येईल? मालिकांमध्ये सगळे थेट खुनावर जातात, नव्या दंडविधानाच्या, म्हणजे न्याय संहितेच्या, १०३ वर (जुनं ३०२). प्रत्यक्षात पोलिसांना आधी जे सिद्ध करायला सोपं, ते कलम २३८, म्हणजे पुरावा नष्ट करणं. हे जुनं २०१. हेच दार पकडून पुढे खुनापर्यंत जातात.

अटक. ती बाई आहे, तेव्हा सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची नाही. अगदी अपवादाची वेळ आली तर महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊन. रात्री दोन वाजता पोलीस दार ठोठावतात हा प्रसंग मालिकेतून काढा, सूर्योदयानंतरचा करा. अटकेची कारणं तिला समजेल अशा भाषेत लेखी द्यावी लागतात. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये हे सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं, आणि लगेच देता आली नाहीत तर निदान रिमांडला हजर करण्याच्या दोन तास आधी तरी. तो निकाल मुंबईतल्याच एका गाडी-अपघाताच्या प्रकरणातला. २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे. कोणत्या कोर्टात हे ठाण्यावर अवलंबून : घटना गोरेगावची असेल तर रिमांड बोरिवलीला आणि पुढचा खटला दिंडोशीच्या सेशन्स कोर्टात. तपास क्राइम ब्रांचकडे गेला तर रिमांडला सहसा सीएसएमटीजवळच्या किल्ला कोर्टात आणतात.

बेडीबद्दल लोक मला नेहमी विचारतात. जुन्या काळात कोर्टाच्या परवानगीशिवाय बेडी घालणं अवघड होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत खुनासारख्या गुन्ह्यात गांभीर्य बघून पोलीस बेडी घालू शकतात, असं स्पष्ट लिहिलंय. तेव्हा बेडी दाखवायची तर दाखवा.

पोलीस कोठडी एकूण १५ दिवस, पण आता ती सलगच घ्यावी असं नाही. खुनाच्या गुन्ह्यात पहिल्या ६० दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येते. याचा तुम्हाला उपयोग होईल : नायिका तुरुंगात गेली, भायखळ्याला, जरा सावरली, आणि २५ व्या दिवशी पुन्हा पोलिसांनी ताबा मागितला. ९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर जामीन हा तिचा हक्क.

नोकरीचं काय? एपीपी हा राज्य सरकारचा नोकर. ४८ तासांपेक्षा जास्त कोठडी झाली की १९७९ च्या शिस्त व अपील नियमांनुसार निलंबन झालं असं मानतात, वेगळ्या आदेशाची वाट बघावी लागत नाही. आणि ‘सरकारी नोकर आहे, खटल्याला मंजुरी लागेल’ हा बचाव इथे चालत नाही. ते संरक्षण कर्तव्य बजावताना झालेल्या कृतीला असतं. भावाचा फोन पर्समध्ये ठेवणं हे कुठल्या वकिलाचं कर्तव्य?

पुरावा बहुतेक परिस्थितीजन्यच असणार, डोळ्यांनी बघणारा कुणी नाही. इथे महाराष्ट्रातलाच एक निकाल आम्हा सगळ्यांना पाठ असतो, १९८४ चा शरद बिरधीचंद सारडा. पुण्यातल्या एका नवविवाहितेचा विषाने मृत्यू, नवऱ्याला खालच्या कोर्टात फाशी, सुप्रीम कोर्टाने सोडला. त्यात पाच कसोट्या घालून दिल्या, त्यांना ‘पंचशील’ म्हणतात. साखळीचा प्रत्येक दुवा पक्का सिद्ध व्हायला हवा आणि सगळी साखळी आरोपीच्याच दोषाकडे बोट दाखवणारी हवी, दुसरा कुठलाही अर्थ निघता कामा नये. तुमच्या नायिकेच्या वकिलाने हाच धागा धरायचा. फळी तिने काढली, याचा एक अर्थ पुरावा नष्ट करणं, दुसरा अर्थ भावाला हवा मिळावी. दुसरा अर्थ शिल्लक आहे तोवर साखळी तुटलेली.

आणि कृपा करून तिला पोलिसांपुढे कबुली देताना दाखवू नका. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही, फक्त तिने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढाच भाग चालतो. हे ती स्वतः शेकडो केसेसमध्ये बोललेली असेल. तरीही ती बोलेल, हे मात्र दाखवा. कायदा माहीत असलेली माणसं अटकेत जास्त बोलतात. त्यांना वाटतं, समोरच्याला कलम समजावून सांगितलं की तो सोडेल. माझा अनुभव उलटा आहे. पाकीटमार वकील येईपर्यंत गप्प बसतो.

एक चूक तुमच्या प्रसंगात आहे, ती सांगून थांबतो. रिमांडच्या दिवशी तिच्या विरोधात तिचाच जुना सहकारी एपीपी उभा राहतो आणि कडाडून बोलतो, असं तुम्ही लिहिलंय. तसं होत नाही. ज्याने तिच्यासोबत डबा खाल्लाय तो आदल्या संध्याकाळीच वरिष्ठांना कळवतो की हे प्रकरण मला नको, आणि दुसऱ्या कोर्टातला एपीपी येतो. पुढे खटल्याला बाहेरून विशेष सरकारी वकील नेमतात. रिमांडला सहकारी येतो, पण मागच्या बाकावर, आणि वर बघत नाही. तिला काळ्या कोटात पिंजऱ्यात उभी केलीय, तोही काढा. रात्र लॉकअपमध्ये काढलेली असेल, कालचाच कुडता, ओढणी अनेकदा आधीच काढून घेतलेली असते. नाव पुकारल्यावर ती सवयीने वकिलांच्या टेबलाकडे दोन पावलं टाकते, आणि महिला शिपाई तिला दंडाला धरून मागे वळवते.